आईचे काज कुठे मांडले?

गेल्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर आमच्या वस्तीतील एक तरुण मला विहाराच्या पायरीवर गाठून म्हणाला, "भाऊ, एक विचारायचं होतं. बाबांचं दुकान चालवू की नोकरीच्या परीक्षा देत राहू?" त्याच्या वडिलांचे वेल्डिंगचे लहानसे दुकान आहे. मुलगा पदवीधर आहे. सकाळी अभ्यासिकेत बसतो, दुपारनंतर वडिलांच्या हाताखाली गेट-ग्रिल जोडतो. मी कार्यालयात कारकून. वस्तीत चार लोक मला कार्यकर्ता म्हणतात. अशा प्रश्नांना आमच्याकडे ठरलेले उत्तर असते, "शिक बाबा, नोकरी धर." पण त्या दिवशी ते उत्तर माझ्या तोंडून निघेना. कारण हाच प्रश्न एकेकाळी माझ्यासमोर होता, आणि त्याचा जो हिशेब मी मांडला तो पहिल्यांदा साफ चुकला होता. ती चूक वाचकांपुढे ठेवावी, म्हणून हे लिहीत आहे.

माझे बाबा शिंपीकाम करीत. उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीत आठ बाय दहा फुटांचे त्यांचे दुकान होते. आजोबा गिरणीत होते. त्या काळी गिरणीत लागणे म्हणजे मोठी गोष्ट. पण बाबांना कापड तयार होते तिथे नव्हे, तर कापडाचा कपडा होतो तिथे जायचे होते. १९६३ च्या सुमारास, पंधरा वर्षांचे असताना, ते शहरातील एका मोठ्या शिलाईच्या दुकानात हाताखाली लागले. मालकाने काम दिले, पण अट न सांगता पाळायला लावली. झाडणे, कोळशाची इस्त्री पेटवणे, काज करणे, बटण लावणे, हे बाबांचे काम. गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावायचा नाही. माप दुसऱ्याने घ्यायचे आणि बाबांनी फक्त आकडे वहीत लिहायचे.

वाचकहो, टेपमध्ये काय आहे? साठ इंचांची एक पट्टी. पण माप घ्यायचे म्हणजे माणसाच्या गळ्याला, छातीला, कमरेला हात लावावा लागतो. तो हात कोणाचा आहे हे ज्याला ठाऊक होते, तो मागे सरत असे. मुंबईच्या गिरण्यांतही असेच होते. जिथे मजुरी जास्त, त्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर बॉबिन बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. तिथे धागा बाटत होता, इथे टेप.

बाबांनी कटिंग रात्री शिकून घेतले. जुन्या वर्तमानपत्रांवर खडूने आखायचे आणि कापायचे. आजी सांगायची की घरात वाचायला पेपर कधी अख्खा मिळाला नाही, त्याची बाही आधीच कापलेली असायची. दहा-अकरा वर्षे अशी काढून १९७४ मध्ये त्यांनी एक जुनी पायमशीन विकत घेतली आणि वस्तीतच दुकान थाटले. पहिल्या दिवशी टेप गळ्यात टाकला तो शेवटपर्यंत. जेवायला बसतानाही काढत नसत. आम्हाला त्याचे हसू येई. पुढे अर्थ कळला तेव्हा हसू बंद झाले.

दुकानात बाबासाहेबांचा कोट-टाय घातलेला फोटो होता. आम्ही त्या फोटोकडे श्रद्धेने पाहत असू. बाबा श्रद्धेने तर पाहतच, पण कारागिराच्या नजरेनेही पाहत. "कॉलर कशी बसली पहा. खांद्यावर एक चुणी नाही," असे शिकाऊ पोरांना दाखवत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आमच्या आयाबहिणींना नीट लुगडे नेसा, स्वच्छ राहा, जातीची खूण अंगावर वागवू नका, असे सांगितले. बाबांच्या मते तो उपदेश शिंप्यासाठीही होता. फाटक्या घरातला माणूस दुकानात आला तरी ते त्याच्या खांद्याचे माप दोनदा घेत. म्हणत, "याले कोणी नीट माप घेऊन कपडा दिला नसन आजवर."

मी १९९० पासून, म्हणजे पाचवी-सहावीत असल्यापासून, शाळा सुटली की दुकानात बसू लागलो. आधी बिनदोऱ्याची मशीन चालवायची, वहीच्या रेघांवरून सुई न्यायची. मग पोटलीचे दोर, उशांचे अभ्रे, परकर. मग पँटच्या खिशाच्या पिशव्या. बाबा शिकवताना फार बोलत नसत. चूक झाली की कपडा उसवून परत हातात देत. एकदा मी एका मास्तरांच्या पँटचे कापड दोन इंच आखूड कापले. बाबांनी स्वतःच्या पैशाने तसेच कापड आणले, मास्तरांना काही कळू दिले नाही. आखूड पँट मला शिवून दिली. वर्षभर मी ती कॉलेजात घातली आणि रोज आरशात आपली चूक पाहिली.

वर्षाचे आमचे चक्र ठरलेले होते. जूनमध्ये शाळेचे गणवेश. ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिन. तेव्हा पांढरे सदरे आणि पांढरी पोलकी यांचा ढीग लागे. जानेवारीपासून लग्नसराई. आणि १४ एप्रिलचा सण तर विचारूच नका. १३ एप्रिलच्या रात्री दुकानाचा दिवा विझतच नसे. "भाऊ, माझा झाला का?" म्हणत रात्री दोन वाजता लोक दारात उभे. सकाळी मिरवणुकीत शंभर लोकांच्या अंगावर आमच्या हाताची शिलाई दिसे. बाबा मात्र मिरवणुकीत झोपेने डुलत चालत.

आता त्या हिशेबाकडे येतो.

१९९९ साली मी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. व्यापार खाते, नफा-तोटा खाते, ताळेबंद, हे सगळे डोक्यात नवे होते. परीक्षेचा सराव म्हणून मी आमच्या दुकानाचाच फेब्रुवारी महिन्याचा हिशेब मांडायला घेतला. बाबांची डायरी होती, तिच्यात माप, नाव आणि उधारी. ती उकलून मी आकडे काढले. त्या महिन्यात १२० सदरे २५ रुपयांप्रमाणे ३,००० रुपये. ८० पँट ४५ रुपयांप्रमाणे ३,६०० रुपये. १०० पोलकी १२ रुपयांप्रमाणे १,२०० रुपये. एकूण शिलाई ७,८०० रुपये. खर्चाच्या बाजूला कारागिराची मजुरी २,४००, दुकानभाडे ५००, वीज ३४०, दोरा-बटण-बकरम-चेन-अस्तर १,४०० आणि कोळसा, तेल, सुया, दुरुस्ती २०० रुपये. एकूण ४,८४०. निव्वळ नफा २,९६० रुपये. दोन्ही बाजू जुळल्या, खाली दोन रेघा मारल्या.

रात्री जेवणे झाल्यावर मी तो कागद बाबांना वाचून दाखवला. बाबा खूष झाले. "म्हणजे धंदा नफ्यात आहे तं!" असे म्हणून त्यांनी कागद दोनदा उलटसुलट पाहिला.

आई भिंतीला टेकून, दिव्याखाली, एका सदऱ्याचे काज करीत होती. तिने वर न पाहता विचारले, "अन् माझे काज कुठी मांडले रे?"

मी म्हटले, "आई, ते घरचं काम आहे."

"घरचं म्हणजे? सदरा का आपल्या घरचा आहे?"

बाबा हसले. मीही हसलो. आई हसली नाही. कोपऱ्यात मशीनवर ताई पोलक्याच्या बाह्या जोडत होती, तिची मशीन तेवढी क्षणभर थांबली आणि परत सुरू झाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण त्या दिवसांत मी आमच्या अभ्यासवर्गात भाषणे करीत असे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर कसा आला, हे मी टाळ्या घेत सांगत असे. आणि माझ्या घरात दिव्याखाली माझी आई किती तास काज करते, हे मला माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मोजायला बसलो. हाताने एक काज करायला आईला साधारण चार मिनिटे लागत. एका सदऱ्याला सात काज. पँटची तुरपाई आणि हूक यांना वीस मिनिटे. पोलक्याचे हूक आणि तुरपाई यांनाही तेवढीच. महिन्याचे ११६ तास झाले. सुट्ट्या सोडून रोजचे जवळजवळ साडेचार तास. तेही स्वयंपाक, पाणी, धुणी-भांडी आटोपल्यावर. मग मी बाजारात चौकशी केली. बाहेर काज-बटणाला सदऱ्यामागे ३ रुपये, पँटच्या तुरपाईला ४ आणि पोलक्याला २ रुपये पडत होते. म्हणजे ३६०, ३२० आणि २००. आईची मजुरी ८८० रुपये झाली. ताई सगळी पोलकी शिवत होती. एका पोलक्याला कारागिराने ५ रुपये घेतले असते. तिचे ५०० झाले. २,९६० मधून हे १,३८० वजा केले, उरले १,५८०.

मग मी बाबांकडे वळलो. त्यांच्यासारखा कटिंग मास्तर दुसऱ्याच्या दुकानात गेला असता तर त्याला अडीच हजार पगार सहज मिळाला असता. तो वजा केला. उत्तर आले उणे ९२०.

म्हणजे आमचे दुकान नफ्यात नव्हतेच. तोट्यात होते. आणि तो तोटा आई, ताई आणि बाबा आपल्या अंगावर झेलत होते. पुस्तकात मी शिकलो होतो की ज्या खर्चाचे पैसे प्रत्यक्ष द्यावे लागत नाहीत, तोही खर्चलेखनात धरावा लागतो. परीक्षेत त्याचे गुणही मिळाले होते. पण घरची माणसे हा त्या खर्चाचा दाखला आहे, हे आईने विचारल्याशिवाय माझ्या लक्षात आले नाही.

याहून अवघड एक नोंद होती, ती मी कागदावर लिहिली नाही. ताईने दहावीनंतर शाळा सोडली होती. तिला ५८ टक्के गुण होते. त्या काळी आमच्या घरात ते काही कमी नव्हते. पण दुकानात पोलकी शिवायला कोणी नव्हते, म्हणून ती मशीनवर बसली आणि बसूनच राहिली. माझी कॉलेजची फी, पुस्तके, बसभाडे याच दुकानातून आले. ते ताईच्या बाह्यांतून आणि आईच्या काजांतून आले, हे सरळ वाक्य मी तोवर कधी मनातही म्हटले नव्हते. आपल्या समाजात आपण मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलतो तेव्हा 'बापाने पोटाला चिमटा घेऊन शिकवले' असे म्हणतो. ते खरे असते. पण चिमटा किती पोटांना बसला, हे मोजत नाही.

नवा कागद मी बाबांना दाखवला तेव्हा ते हसले नाहीत. चिडले. "घरच्या कामाचे का पैसे राहतात काय? उद्या बायकोले मजुरी देऊ? पोरीले पगार देऊ? लोक काय म्हणतीन?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला होता, पण आज वाटते की त्यांचे दुखणे वेगळे होते. ज्या माणसाने टेप हातात मिळवायला दहा-अकरा वर्षे घालवली, त्याला मुलगा सांगत होता की तुझे दुकान तोट्यात आहे. आणि दुसऱ्याचे काम फुकट घेतल्याचा जो राग त्यांनी आयुष्यभर मनात ठेवला होता, तोच हिशेब आता त्यांच्या दारात येऊन उभा होता.

तिसऱ्या दिवशी ते आपणहून म्हणाले, "डायरीत लिहीत जा. देणं होईन तेवढं देऊ." जुलै १९९९ पासून आम्ही आईच्या नावाने पोस्टात महिना २०० रुपयांचे आवर्ती खाते उघडले. ताईला महिना २०० रुपये हातात. ८८० च्या आणि ५०० च्या जागी दोनशे-दोनशे, हे काही न्याय नव्हे. पण वहीत पूर्ण आकडा लिहिला जाऊ लागला आणि बाकी 'देणे' म्हणून पुढे ओढली जाऊ लागली. आई पोस्टात सही करायला गेली तेव्हा बाबा काउंटरपासून दूर उभे राहिले. म्हणाले, "तिचं खातं आहे, तीच बोलन."

जुलै, ऑगस्ट असे दोन हप्ते गेले. सप्टेंबरमध्ये उधारी अडकली, हप्ता राहिला. आई काही बोलली नाही. ऑक्टोबर उजाडला, दसरा तोंडावर, पांढऱ्या सदऱ्यांचा ढीग पडलेला, आणि एका संध्याकाळी तिने सुई डबीत ठेवली. "डोळे दुखतात," म्हणाली. दुसऱ्या दिवशीही डोळे दुखले. तिसऱ्या दिवशी बाबा सकाळी आंघोळ करून सरळ उधारी वसूल करायला निघाले, दुपारी परत आले आणि चारशे रुपये आईपुढे ठेवले. आईचे डोळे बरे झाले. आमच्या घरातला तो पहिला आणि शेवटचा संप. त्याचे पुढारीपण कोणाकडे नव्हते आणि तो अडीच दिवसांत यशस्वी झाला.

बी. कॉम. झाल्यावर १९९९ ते २००३ अशी चार वर्षे मी बाबांबरोबर पूर्ण वेळ दुकानात काम केले. आमचे पटत होते असे नाही. मला पावतीपुस्तक हवे होते, त्यांना तोंडी भरवसा. मला उधारी बंद करायची होती, ते म्हणत, "गिरणी बंद पडलेल्याच्या पोराचा गणवेश अडवून ठेवू काय?" अखेर गणवेशाची उधारी चालू आणि लग्नाच्या कपड्यांची बंद, असा तह झाला. पण तयार कपड्यांची दुकाने वाढत होती. शिलाईच्या पैशांत आयता सदरा मिळू लागला. काही शाळांनी गणवेशाचे काम एकाच पुरवठादाराला दिले, तेव्हा आमचा जून महिनाच गेला.

२००३ मध्ये मला कारकुनाची नोकरी लागली. दुकान सोडतो हे बाबांना कसे सांगावे, याची मी आठवडाभर तयारी केली. आपल्या समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न साधा नाही. इतर समाजांत मुलाने बापाची गादी चालवली की कौतुक होते. आपल्याकडे बापाचे काम मुलाच्या गळ्यात बांधलेलेच असे. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी हेच दाखवून दिले, की जन्मावरून काम ठरवणारी ही व्यवस्था माणसाला आवडीचे काम निवडू देत नाही आणि काम बदलूही देत नाही, म्हणून ती बेकारीचेही कारण ठरते. तेव्हा बापाचा धंदा सोडणे ही आपल्यासाठी मुक्तीच होती. पण माझ्या बापाचा धंदा कोणी त्यांच्या गळ्यात बांधलेला नव्हता. तो त्यांनी हट्टाने मिळवला होता. तो सोडताना मी कशातून मुक्त होत होतो?

मी हे सगळे बोललो. बाबांनी कपड्यावरचा खडू झटकला आणि म्हणाले, "मी का माझ्या बापाच्या मांगं गिरणीत गेलो होतो? तुले जे करायचं ते कर." मग माझे माप घेतले, नोकरीसाठी दोन पँट आणि दोन सदरे शिवून दिले. पहिला पगार घेऊन घरी आलो तर डायरीत माझ्या नावावर १९० रुपये शिलाई उधार लिहिलेली. म्हणाले, "हिशेब म्हंजे हिशेब. यातले काजाचे तुझ्या आईले दे."

आईचे आवर्ती खाते २००४ मध्ये पूर्ण झाले. ताईचे २००१ मध्ये लग्न झाले होते. आईने ती सगळी रक्कम ताईला पिको-फॉलच्या मशीनसाठी दिली. ताई आजही त्याच कामावर घर चालवायला हातभार लावते. पण तिची दहावीनंतरची वर्षे कोणत्या खात्यातून परत द्यायची, ते मला आजवर सापडलेले नाही. मी एकदा तिला तसे म्हणालो. ती म्हणाली, "तू तेव्हा लहान होता." मी लहान नव्हतो. वीस वर्षांचा होतो, आणि बी. कॉम. करीत होतो.

दुकान २०१३ मध्ये बंद झाले. २०१८ मध्ये बाबा गेले. त्यांची कैची आणि टेप घरी आहेत. जुन्या डायऱ्या आईने ठेवल्या आहेत. तिच्या नावावरचे 'देणे' त्यांत अजून ओढलेलेच आहे.

हे सगळे मी त्या वेल्डिंगवाल्या तरुणाला पायरीवर बसून सांगितले. नोकरी धर की दुकान धर, हे मी त्याला सांगितले नाही. एवढेच म्हटले, की आधी महिनाभराचा हिशेब लिही. दुकानात कोण किती तास काम करते, ते प्रत्येकाच्या नावाने लिही. तुझे लिही, बाबांचे लिही. आई माल आणायला जाते, पत्रे रंगवते, गिऱ्हाइकाला चहा करते, ते लिही. बहीण मोबाईलवर पैसे आले का पाहते, बिले काढते, तेही लिही. लहान भावाला शाळेनंतर थोडी मदत सांगायला हरकत नाही, पण वेल्डिंगच्या ठिणगीजवळ त्याला उभे करू नको आणि त्याची शाळा बुडवू नको. सगळ्यांची बाजारभावाने मजुरी वजा करून जे उरेल, तो तुझ्या दुकानाचा नफा. तो उणे आला तर दुकान बंद करावे असे नाही. पण तोटा कोण भरतो आहे, ते तुला कळेल. मग नोकरी की दुकान ते ठरव, आणि ठरवताना ज्यांची नावे लिहिलीस त्या सगळ्यांना विचार. देता येईल तेवढे त्यांच्या स्वतःच्या खात्यात टाक. दोनशे का असेनात.

तो म्हणाला, "भाऊ, आईचं काम लिहायला घेतलं तर वही पुरणार नाही."

मी म्हटले, "म्हणूनच आधी तेच लिही."